वनौषधींची बंदिस्त जलबाग : हवेच्या फिल्टरची निगा व ऋतुविचार

शार्ङ्गधर संहितेच्या प्रथम खंडात काही द्रव्ये सदैव ओलीच वापरावीत असा स्पष्ट निर्देश आहे. गुळवेल, कुडा, अडुळसा, कोहळा, शतावरी, अश्वगंधा ही त्यातील नावे विद्यार्थिदशेपासून आपणा सर्वांच्या तोंडी आहेत. पंचविध कषायकल्पनांत स्वरस सर्वांत बलवान, आणि स्वरसासाठी तर ताजी वनस्पती हवीच. प्रश्न एवढाच की, मुंबईच्या उपनगरात बसून चिकित्सा करणाऱ्या वैद्याने ती आणावी कोठून?

आमच्या दहिसरचेच पाहावे. तुळशी तलावापासून निघून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून उतरणारी दहिसर नदी उद्यानाच्या हद्दीत स्वच्छ आहे. हद्द ओलांडताच वस्तीचे सांडपाणी, गोठ्यांचे शेण आणि कपडे धुण्याच्या जागांचे साबणपाणी पोटात घेत ती मनोरीच्या खाडीकडे जाते. हिच्या काठच्या ओल्या जागेत ब्राह्मी उगवली तरी ती औषधात घेण्यास सुज्ञ वैद्य धजणार नाही. ब्राह्मीचा एक गुण येथे दोष ठरतो. पाण्यातील शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू ती शोषून अंगात साठवते; दूषित पाणी शुद्ध करणारी वनस्पती म्हणूनही तिचा अभ्यास झालेला आहे. बाजारातून जुडी आणावी तर ती कोणत्या नाल्याकाठची, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. शिवाय आपल्याकडे ब्राह्मी म्हणून पुष्कळदा मंडूकपर्णी हाती पडते, तो घोळ निराळाच. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने ब्राह्मी म्हणजे बाकोपा आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला असा निवाडा केला असला तरी भाजीवालीपर्यंत तो पोहोचलेला नाही.

या अडचणीतून काही वैद्यबंधू आणि लहान औषधनिर्माते मातीविना शेतीकडे, अर्थात हायड्रोपोनिक्सकडे वळू लागले आहेत. मुंबईत २०१७ च्या सुमारास पालेभाज्यांसाठी बंदिस्त जागेतील अशी शेती व्यावसायिक स्वरूपात सुरू झाली आणि त्यानंतर तिचे साहित्य सहज मिळू लागले. चिकित्सालयाला लागून असलेली दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोली, त्यात मांडणीवर ठेवलेले ट्रे, पोषकद्रव्ये मिसळलेले खेळते पाणी आणि एलईडी दिवे, एवढ्यावर ब्राह्मीचे पीक बारमाही येते. प्रस्तुत लेखकाची खोलीही अशीच आहे. प्रत्येक वनस्पतीस ही पद्धत मानवेल असे मात्र मुळीच नाही. ब्राह्मी मूळचीच आनूप, पाण्यात पाय सोडून वाढणारी. तिला जलबाग परकी वाटत नाही. अश्वगंधेसारख्या जांगल देशातील वनस्पतीचे मूळ पाण्यात वाढवून त्यात तेच वीर्य यावे अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे भूमिपरीक्षेचा सारा विचारच गुंडाळून ठेवणे होय. जलबाग ब्राह्मी, मंडूकपर्णी, तुळस, पुदिना यांच्यासाठी ठेवावी, असे माझे मत आहे.

जलबागेविषयी बोलताना सर्वांचे लक्ष पाण्याकडे असते. पाण्याचा सामू, क्षारांचे प्रमाण, दिव्यांचे तास यांवर तासन्‌तास चर्चा होते. हवेचा विषय निघाला की, ‘फिल्टर बसवला आहे’ एवढे उत्तर पुरेसे मानले जाते. प्रत्यक्षात फिल्टर बसवल्याने प्रश्न सुटत नाही, तेथून तो सुरू होतो. आणि आपल्या दृष्टीने तो केवळ पिकाचा प्रश्न नव्हे. क्वाथ उकळला जातो, अवलेह पाकातून जातो. स्वरस कोणत्याही अग्निसंस्काराविना रुग्णाच्या मुखात जातो. अर्धा पल, म्हणजे सुमारे २४ मिलिलिटर रसासाठी ओंजळभर पाने कुटावी लागतात. त्या पानांवर जे बसले असेल, त्यातील बरेच काही रसात उतरते. पाने धुता येतात हे खरे, पण पानाच्या पेशींत शिरलेली बुरशी धुण्याने जात नाही.

त्यातून कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. आयुर्वेदीय औषधनिर्मितीसाठी उत्तम निर्मितीपद्धतीचे निकष घालून देणारी अनुसूची ‘टी’ २००० साली आली आणि २००३ साली तिची सुधारणा झाली. स्वतःच्या रुग्णांसाठी स्वतः औषध तयार करणाऱ्या, ते बाजारात न विकणाऱ्या नोंदणीकृत वैद्यास तिने या प्रमाणपत्रातून सूट दिली आहे. सूट आहे याचा अर्थ असा की, आपल्या स्वरसाची पाने कोणत्या हवेत वाढली हे तपासायला कोणीही अधिकारी येणार नाही. ते आपणच तपासायचे आहे.

हवेचे दोन दोष

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, जनपदोद्ध्वंसाच्या संदर्भात, दूषित वायूची लक्षणे दिली आहेत. धूळ, वाळू, धूर, बाष्प आणि असात्म्य गंध यांनी बिघडलेला वायू तेथे वर्णिलेला आहेच. पण त्याच मालिकेत अतिशय स्तब्ध, न हलणारा वायूदेखील दूषितच गणला आहे, आणि अभिष्यंदी वायूही. कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात भेषजागाराचे वर्णन येते. तेथे औषधांचे घर वाऱ्यापासून सुरक्षित असावे, परंतु त्याच्या एका भागात वारा खेळता असावा, आणि धूर, धूळ, ओल, उंदीर यांपासून त्याचे रक्षण व्हावे, असे सांगितले आहे. वारा नको आणि वारा हवा, या दोन्ही गोष्टी आचार्यांनी एकाच वर्णनात मागितल्या आहेत.

जलबागेतील फिल्टरचे सारे शास्त्र या दोन मागण्यांच्या मध्ये आहे. फिल्टर धुळीचा दोष दूर करतो. पण तोच फिल्टर धुळीने भरला की त्यातून वारा कमी येतो आणि स्तब्ध वायूचा दोष उत्पन्न होतो. पुष्कळांची समजूत अशी असते की, भरलेला फिल्टर म्हणजे धूळ आत सोडणारा फिल्टर. वस्तुतः भरलेला फिल्टर पूर्वीपेक्षा अधिकच बारीक गाळतो, कारण साचलेली धूळच चाळणीचे काम करू लागते. तो मारतो तो अडवणुकीने. पंखा तेवढ्याच आवाजात फिरत असतो, मात्र खोलीत येणारी हवा निम्मी झालेली असते. वनस्पतींनी सोडलेली बाष्प आणि ट्रेमधील पाण्याची वाफ बाहेर पडत नाही, आर्द्रता वाढते, रात्री दिवे विझल्यावर खोली थंड होते आणि पानांवर दव धरते. बुरशीच्या बीजाणूला याहून अधिक काही लागत नाही. आपण स्रोतोरोधाची जी संप्राप्ती रोज रुग्णात पाहतो, तीच येथे आहे.

बोरिवलीच्या एका स्नेही वैद्यांच्या जलबागेत श्रावणाच्या सुमारास तुळशीच्या पानांच्या खालच्या अंगाला करडी बुरशी दिसू लागली. त्यांनी प्रथम पाणी बदलले, मग पोषकद्रव्ये बदलली. शेवटी बाहेरच्या हवेची झडप काढून पाहिली तेव्हा प्री-फिल्टरवर धुळीचा ओला थर नमद्यासारखा बसलेला होता आणि त्याला कुबट वास येत होता. जाळी बदलून भिंतीवरचा पंखा रात्रीही चालू ठेवला, बाधित रोपे उपटून टाकली, आणि पुढील पीक स्वच्छ आले.

फिल्टर कोणता आणि कोठे

तयार संच घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधी समजून घ्यावी. परदेशातून आलेल्या बहुतेक संचांत कोळशाचा फिल्टर बाहेर जाणाऱ्या हवेवर बसवलेला असतो, कारण तेथे पिकाचा उग्र वास शेजाऱ्यापर्यंत जाऊ नये ही मुख्य चिंता असते. पंखा खोलीतील हवा ओढून बाहेर फेकतो, खोलीत दाब कमी होतो आणि दाराच्या फटीतून, खिडकीच्या चौकटीतून बाहेरची न गाळलेली हवा आत शिरते. आपली गरज नेमकी उलटी आहे. ब्राह्मीला लपवण्याजोगा वास नाही. आपल्याला बाहेरची धूळ आत नको आहे. म्हणून गाळणी आत येणाऱ्या हवेवर असावी आणि पंख्याने गाळलेली हवा आत ढकलावी, म्हणजे खोलीतील दाब किंचित अधिक राहून फटींतून वारा बाहेरच जाईल. दार उघडले तरी पहिला झोत बाहेर येतो. हा एक बदल अनेक महागड्या उपकरणांपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

गाळणीचे टप्पे तीन मानावेत. पहिली कीटकरोधक जाळी. पांढरी माशी अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीतूनही जाते, फुलकिडे तर त्याहून बारीक. त्यांच्यासाठी छिद्र पाव मिलिमीटरपेक्षा लहान लागते. इतक्या बारीक जाळीतून हवा अडते, म्हणून जाळीचे क्षेत्रफळ झडपेच्या तोंडापेक्षा कितीतरी मोठे, पेटीसारखे घ्यावे. दुसरा प्री-फिल्टर, धुता येण्याजोगा, जाड धूळ आणि परागकण अडवणारा. तिसरा हेपा. हा मूळचा १९४० च्या दशकात अमेरिकेत अणुसंशोधनातील किरणोत्सर्गी कण अडवण्यासाठी विकसित झाला. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण तो पकडतो. अ‍ॅस्परजिलस जातीच्या बुरशीचे बीजाणू साधारण २ ते ५ मायक्रॉनचे असतात, तेव्हा ते त्यातून सुटत नाहीत. अट एकच, हवा फिल्टरमधूनच गेली पाहिजे. चौकटीचे रबर सैल असेल तर हवा वाट सोपी पाहून कडेने जाते. नवा फिल्टर बसवल्यावर पेटलेली उदबत्ती चौकटीच्या चारही कडांना फिरवून धूर कोठे ओढला जातो हे एकदा पाहावे.

कोळशाचा फिल्टर कण अडवत नाही. तो वायू आणि गंध धरतो. शेजारी स्वयंपाकघराचा धूर, औषधशाळेचा उग्र वास किंवा महामार्गावरील वाहनांचा धूर असेल तरच तो घ्यावा, आणि पंख्याच्या क्षमतेइतका तरी मोठा घ्यावा. हवा त्यातून वेगाने गेली तर कोळशाला ती धरायला अवधीच मिळत नाही. क्षमतेचा हिशेब सोपा आहे. दहा बाय दहाची, नऊ फूट उंच खोली म्हणजे ९०० घनफूट. पाच मिनिटांत एकदा हवा बदलायची तर मिनिटाला १८० घनफूट हवा लागेल. फिल्टरच्या अडवणुकीसाठी पंखा त्याच्या दीडपट तरी घ्यावा.

दहिसरची हवा आणि सहा ऋतू

फिल्टर किती महिन्यांनी बदलावा, या प्रश्नाला विक्रेता खोक्यावर छापलेला आकडा सांगतो. तो आकडा दहिसरसाठी छापलेला नसतो. येथे पूर्वेला पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि चेकनाका आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन जकात गेली, ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांची पथकरमाफी झाली, तरी अवजड वाहनांची वर्दळ काही थांबलेली नाही. मेट्रोच्या २ अ आणि ७ या मार्गांचा पहिला टप्पा एप्रिल २०२२ मध्ये आणि उर्वरित भाग जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. तोवरची काही वर्षे खोदकामाची धूळ आपण सर्वांनी गिळलेलीच आहे. मग जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचे सत्र आले. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा इतकी बिघडली की, ऑक्टोबर २०२३ मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेला बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढावी लागली. पश्चिमेस खाडी, खारफुटी आणि मिठागरे. तेथून दुपारी येणारा वारा खारा. फिल्टरच्या लोखंडी चौकटीला तो दोन पावसाळ्यांत गंज चढवतो. म्हणून चौकट अ‍ॅल्युमिनियमची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्यावी.

ग्रीष्मात धूळ कोरडी आणि जाड असते. ती बहुतांशी जाळीवर आणि प्री-फिल्टरवर अडते. बाजूला बांधकाम चालू असेल तर आठवड्याने, नसेल तर पंधरवड्याने प्री-फिल्टर काढून धुवावा. आधी व्हॅक्यूम क्लीनरने कोरडी धूळ ओढून घ्यावी, मग कोमट पाण्यात धुवावे. साबणापेक्षा मी रिठ्याचे पाणी पसंत करतो, फेस मागे राहत नाही. सावलीत पूर्ण वाळल्यावरच पुन्हा बसवावा. यासाठी दोन प्री-फिल्टर आलटून-पालटून वापरावेत, पावसाळ्यात तीन, कारण त्या दिवसांत एक वाळायला दोन-दोन दिवस लागतात. ओला प्री-फिल्टर घाईने बसवणे म्हणजे बुरशीला पाट मांडून देणे.

हेपा धुवायचा नसतो. त्यातील कागद अतिसूक्ष्म काचतंतूंचा असतो. पाण्याने तो निकामी होतो. कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून ‘नव्यासारखा’ करून देणारे कारागीर आहेत, विक्रेतेही तसा सल्ला देतात. तो ऐकू नये. झोताने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात, फिल्टर हलका होतो, वाराही छान येऊ लागतो, आणि मालक खूश होतो. गाळणे तेवढे बंद झालेले असते.

वर्षाऋतूत हवेतील धूळ कमी होते, म्हणून फिल्टरकडे दुर्लक्ष होते, आणि नेमका हाच काळ सर्वांत धोक्याचा. बाहेरची आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते. फिल्टरवर मागील सहा महिन्यांची धूळ असते. त्या धुळीत परागकण, कापसाचे तंतू, किड्यांचे तुकडे असे सेंद्रिय द्रव्य असते. धूळ हे अन्न आणि आर्द्रता हे पाणी, दोन्ही एकाच कागदावर मिळाल्यावर पकडलेले बीजाणू तेथेच रुजतात. म्हणून माझा आग्रह आहे की, हेपा बदलण्याची खरी तारीख मे महिन्याची अखेर होय. भरलेला फिल्टर घेऊन मृगात प्रवेश करू नये. मग तो खोक्यावरच्या आकड्याप्रमाणे अजून दोन महिने चालणार असला तरी.

पावसाळ्यात आणखी एक भ्रम होतो. खोलीत ओल वाढली की अधिक हवा आत घ्यावीशी वाटते. बाहेरची हवाच ओली असताना तिने खोली कोरडी कशी होणार? त्या दिवसांत आत येणारी हवा कमी करावी, पण बंद करू नये. खोलीतील आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आत ठेवण्यासाठी ओल शोषणारे यंत्र चालवावे आणि भिंतीवरचा पंखा रात्रंदिवस मंद फिरता ठेवावा. कोळशाचा फिल्टर या ऋतूत जवळजवळ रजेवरच असतो. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की पाण्याची बाष्पच कोळशातील सूक्ष्म छिद्रे अडवून बसते. तो उन्हात वाळवून पुन्हा वापरावा असे सांगितले जाते. उन्हाने त्यातील पाणी उडते, शोषलेले वायू फारसे सुटत नाहीत. कोळसा खऱ्या अर्थाने पुनरुज्जीवित करायला कित्येक शे अंश तापमान लागते. उन्हाने गेलेली ओल हा फायदा मान्य करावा, त्याहून अधिक समजू नये.

शरदात ऑक्टोबरचे ऊन आणि लगोलग दिवाळी. आपण घराची सफाई दिवाळीपूर्वी करतो. फिल्टरची मात्र दिवाळीनंतर करावी. फटाक्यांच्या धुराने एकाच आठवड्यात प्री-फिल्टर काळा पडतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तर बाहेरची झडप काही तास बंदच ठेवणे इष्ट. त्यानंतर हेमंत-शिशिरात वारा मंदावतो, धूलिकण जमिनीलगत थांबतात आणि मुंबईची हवा वर्षातील सर्वांत वाईट असते. ही धूळ बारीक असते, प्री-फिल्टरला चकवून थेट हेपावर बसते. त्यामुळे प्री-फिल्टर स्वच्छ दिसत असूनही हेपा भरत जातो. या काळात डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, दाब मोजावा.

दाब मोजणे कठीण नाही. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर ठोकावी, तीत रंगीत पाणी घालावे, एक टोक फिल्टरच्या आधी आणि दुसरे फिल्टरच्या नंतर सोडावे. दोन बाजूंच्या पातळीतील फरक म्हणजे फिल्टरची अडवणूक. लहान पंख्यांत हा फरक थोडा असतो, म्हणून नळीची एक बाजू तिरपी ठेवावी, म्हणजे वाचन स्पष्ट होते. नवा फिल्टर बसवल्याच्या दिवशीचा आकडा फळीवरच लिहून ठेवावा. तो दुप्पट झाला की फिल्टर बदलावा, तारीख काहीही असो. ज्यांना एवढेही नको, त्यांनी आत येणाऱ्या हवेच्या तोंडाशी कागदाची पट्टी चिकटवावी. ती पूर्वी आडवी फडफडत होती आणि आता लोंबते आहे, हे येता-जाता दिसते.

धूपनाविषयी

हा भाग केवळ आपल्याच व्यवसायात संभवतो, म्हणून थोडा विस्ताराने. गुग्गुळ, निंबपत्र, वचा यांचे धूपन अनेक चिकित्सालयांत सायंकाळी होते आणि होत राहावे. पण धुराचे कण बहुतांशी एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात आणि गुग्गुळाच्या धुरात राळेचा चिकट अंश असतो. जलबागेची झडप चिकित्सालयातूनच हवा घेत असेल तर हा सारा धूप हेपावर जाऊन बसतो. धूळ निदान कोरडी असते. राळ कागदाला चिकटते आणि फिल्टर वेळेआधीच बाद होतो. कोळसाही त्या सुगंधाने भरून जातो. जलबागेत बुरशी दिसली म्हणून तेथेच धूपन करणारेही आहेत. पानांवर धुराचा लेप बसवून तीच पाने स्वरसाला घेणे मला शास्त्रसंमत वाटत नाही. धूपनाच्या वेळी पंखा बंद, झडप बंद, आणि चिकित्सालयाच्या खिडक्या उघडून धूर पूर्ण निवळल्यावरच पुन्हा सुरू, एवढा शिरस्ता ठेवावा. शक्य असल्यास बागेची हवा स्वतंत्र खिडकीतून घ्यावी, आणि ती खिडकी भट्टीच्या वा औषधशाळेच्या धुराड्याकडे नसावी.

बुरशीसाठी गंधक जाळणे किंवा ओझोनची यंत्रे लावणे, या दोन्ही गोष्टी फळाफुलांच्या हरितगृहवाल्यांना शोभतात. ओझोन श्वसनमार्गाला त्रासदायक आहे, आणि आपल्या प्रतीक्षागृहात तमकश्वासाचे रुग्ण बसलेले असतात.

पाण्यात जाणारी हवा

खोलीच्या हवेची एवढी काळजी घेणारेदेखील एक लहानसा फिल्टर विसरतात. ट्रेमधील पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा पंप, मत्स्यपेटीत असतो तसाच. त्याच्या बुडाशी नमद्याची किंवा स्पंजची रुपयाएवढी चकती असते. पंप जी हवा ओढतो ती या चकतीतून थेट मुळांपर्यंत जाते. चकती भरली की बुडबुडे कमी होतात. २५ अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना सुमारे ७.५, म्हणजे उन्हाळ्यात पाणी मुळातच कमी प्राणवायू धरते, त्यात बुडबुडे मंदावले की मुळे तपकिरी आणि बुळबुळीत होऊन कुजू लागतात. ही चकती महिन्यातून एकदा काढून पाहावी, काळी पडली असल्यास बदलावी. तिची किंमत नगण्य आहे. पंप जमिनीवर न ठेवता पाण्याच्या पातळीच्या वर टांगावा. जमिनीवरची धूळ ओढली जात नाही आणि वीज गेल्यास नळीतून पाणी उलटे पंपात शिरत नाही.

औषधशाळा चालवणाऱ्या बंधूंसाठी वेगळे सांगावयाचे ते थोडेच. चूर्णविभागातील कापडी पिशव्यांच्या धूळसंग्राहकाला वरील बहुतेक नियम लागू पडतात, विशेषतः पावसाळ्यापूर्वी पिशव्या रिकाम्या व कोरड्या करण्याचा. पण जलबाग आणि चूर्णविभाग यांची हवा एका नळीने जोडण्याचा मोह टाळावा. पिंपळी, चित्रक, वचा यांची धूळ तीक्ष्ण असते; ती ब्राह्मीच्या ओल्या पानावर बसली तर एका औषधात दुसरे मिसळले, असाच त्याचा अर्थ होतो. आणि बागेची दमट हवा चूर्णविभागात गेली तर चूर्ण ओल धरते. वनौषधींत बुरशी व यीस्टची मर्यादा ग्रॅममागे १००० अशी मानली जाते. दमट चूर्णाला ती ओलांडायला फार दिवस लागत नाहीत.

जुना फिल्टर काढणे हे काम मदतनिसावर सोपवताना त्याच्या आरोग्याचा विचार व्हावा. भरलेला हेपा म्हणजे वर्षभराची धूळ आणि बीजाणू एका चौकटीत बांधलेले. प्रथम पंखा बंद करून दहा मिनिटे थांबावे. मुखपट्टी, हातमोजे घालून फिल्टर न आपटता, न झटकता जागेवरच मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवावा, पिशवीचे तोंड बांधावे आणि मगच ती खोलीबाहेर न्यावी. गच्चीवर नेऊन भिंतीवर आपटण्याची जी पद्धत दिसते, तीत निम्मी धूळ मदतनिसाच्या छातीत आणि उरलेली शेजारच्या सदनिकेत जाते. ज्या मदतनिसास प्रतिश्याय किंवा श्वासाची प्रवृत्ती आहे, त्यास हे काम देऊच नये. रिकामी झालेली झडप आतून ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून, रबर तपासून मग नवा फिल्टर बसवावा. चौकटीवर बाण छापलेला असतो, तो हवेच्या दिशेने हवा; उलटा बसवलेला फिल्टर चालतो, पण त्याची जाळीची बाजू चुकीच्या अंगाला येऊन कागद लवकर फाटतो. त्यानंतर खोलीच्या दारामागे टांगलेल्या वहीत तारीख, दाबाचा आकडा, आर्द्रता आणि त्या दिवशी काढलेल्या पानांची स्थिती, एवढ्या चार गोष्टी लिहाव्यात. एक वर्षाची वही समोर असली की, आपल्या गल्लीत फिल्टर कोणत्या महिन्यात किती दिवस टिकतो हे खोक्यावर पाहावे लागत नाही.